तसबीहचे मणी आणि चाचींची पेज

घरातले विज्ञान



गेल्या महिन्यात मालवणात एका घरी गेलो होतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता त्या घरात सून म्हणून नांदते. तिच्या सासूबाईंना आम्ही सगळे चाची म्हणतो. चाचींना सात वर्षांपासून डायबेटीस आहे. चहा पुढे ठेवता ठेवता सुनेने एक कागद माझ्या हातात दिला. "सर, तुम्हीच समजवा. साखर पूर्ण बंद आहे, चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट वाढलेलाच येतो. डॉक्टर भात कमी करा म्हणतात, ते अम्मींना पटत नाही."

चाची खुर्चीत बसून तसबीहचे मणी फिरवत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, मी गोडाला हात लावत नाही. ईदच्या शीरखुर्म्याचासुद्धा एकच चमचा घेतला. मी आपली सकाळी पेज पिते, दुपारी-रात्री भात आणि सार. पेज कुठे गोड असते?"

मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तेवढेच माझे भांडवल. पण चाचींचा प्रश्न चुकीचा नव्हता. जी वस्तू जिभेला गोड लागत नाही, ती रक्तात साखर कशी होते? उत्तर त्यांच्या हातातच होते. मी त्यांची तसबीह मागून घेतली.

तसबीहमध्ये मणी एकामागून एक ओवलेले असतात. एक मणी म्हणजे तसबीह नव्हे. शंभर मणी जोडले की माळ होते. निसर्गातही असेच आहे. तांदूळ, कापूस, मटण, मासळी, केस, नखे, नारळाचा काथ्या, कोळंबीचे कवच या सगळ्यांतले मोठमोठे रेणू म्हणजे लहान रेणूंच्या माळा आहेत. लहान रेणूला, म्हणजे मण्याला, शाळेच्या पुस्तकात 'एकवारिक' म्हणतात. इंग्रजीतले नाव मोनोमर. माळेला म्हणतात 'बहुवारिक', म्हणजे पॉलिमर. मुलांच्या पुस्तकात हे शब्द दिसले तर घाबरू नका. मणी आणि माळ, एवढाच त्यांचा अर्थ.

फरक एकच. तसबीहच्या मण्यांतून दोरा जातो. रेणूंच्या माळेत दोरा नसतो. तिथे एक मणी शेजारच्या मण्याचा हात धरतो. त्या हात धरण्याला आपण कडी म्हणू. शरीरातल्या बहुतेक माळा जोडताना प्रत्येक कडीमागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ती कडी उघडायची तर पाण्याचा एक रेणू परत घालावा लागतो. पण नुसत्या पाण्याने ती सहज उघडत नाही. त्यासाठी नेमकी किल्ली लागते. या किल्ल्यांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. आणि एका कडीची किल्ली दुसऱ्या कडीला चालत नाही.

आज हे सोपे वाटते, पण शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटत नव्हते. हर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये असे मांडले की रबर, कापूस, स्टार्च हे लहान रेणूंचे नुसते गोळे नाहीत, त्या सलग जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत. सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. श्टाउडिंगर मागे हटले नाहीत. १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता चाचींच्या पेजेकडे येऊ.

तांदळात मुख्यतः स्टार्च असतो. स्टार्चच्या माळेतला प्रत्येक मणी ग्लुकोजचा आहे. एका माळेत शेकडो, हजारो, कधी लाखभर मणी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये जी 'शुगर' लिहिलेली असते ती हीच, ग्लुकोज. मणी सुटा असेल तर तो जिभेवर गोड लागतो. माळेत अडकलेला असेल तर जिभेला कळत नाही, कारण जिभेवरची गोडी ओळखणारी जागा लहान आहे. तिथे एवढी मोठी माळ बसत नाही. म्हणून पेज गोड लागत नाही. गोडी नाही असे नाही, ती बांधलेली आहे.

आणि आपल्याकडे तिची किल्ली आहे. लाळेत अमायलेज नावाचे विकर असते. ते स्टार्चच्या कड्या उघडते. पुढे आतड्यात हेच काम जोरात चालते, आणि थोड्याच वेळात माळ संपून सुटे मणी रक्तात उतरतात.

मी चाचींना म्हटले, "साध्या भाताचा एक घास तोंडात घ्या आणि दोन मिनिटे नुसता चावत राहा. गिळू नका." त्यांनी घेतला. मिनिटभराने त्यांच्या कपाळावर आठी पडली. "गोड लागतोय की!" सुनेनेही घेऊन पाहिला. तुम्हीही घरी करून पाहा, मुलांना करायला सांगा. या एका घासाने जे कळते ते माझ्या दहा तासांनी कळले नसते.

मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. चाची दिवसभरात पेजेला, दुपारच्या आणि रात्रीच्या भाताला मिळून साधारण दोनशे ग्रॅम कच्चा तांदूळ खातात. त्यात सुमारे १६० ग्रॅम स्टार्च. स्टार्चच्या प्रत्येक कडीत पाणी परत मिळते, म्हणून वजन थोडे वाढते आणि हाताशी येते सुमारे पावणेदोनशे ग्रॅम ग्लुकोज. आता सोडलेल्या साखरेचा हिशोब. दिवसाला तीन कप चहा, कपात एक चमचा, म्हणजे पंधरा ग्रॅम साखर. आपली नेहमीची साखर म्हणजे फक्त दोन मण्यांची जोडी आहे: एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. म्हणजे पंधरा ग्रॅम साखरेतून ग्लुकोज निघते जेमतेम आठ ग्रॅम.

एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला पावणेदोनशे. चाचींनी कागद जवळ ओढला आणि आकडे पुन्हा वाचायला लावले.

याचा अर्थ साखर पुन्हा सुरू करा असा नाही. साखरेतला फ्रुक्टोजचा मणीही निरुपद्रवी नाही. तो जास्त झाला तर यकृतात चरबी साठते. अर्थ एवढाच की साखर सोडणे हे काम सुरू करणे आहे, संपवणे नाही. आपल्या किनाऱ्यावर भात हेच जेवण मानले जाते. 'काही खाल्ले नाही, नुसती पेज घेतली' असे आपण सहज म्हणतो. डायबेटीसच्या माणसासाठी 'नुसती पेज' हे वाक्य फसवे आहे. पेज जितकी जास्त शिजते तितके स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि किल्लीला रस्ता मोकळा होतो. आपल्या सिंधुदुर्गातला उकडा तांदूळ सालीसकट वाफवून वाळवलेला असल्याने त्याचा स्टार्च साधारणपणे थोडा सावकाश सुटतो. पण सावकाश सुटतो म्हणजे सुटत नाही असे नव्हे. वाटी मोजायलाच हवी. भात अर्ध्यावर आणून ताटात भाजी, डाळ, मासळी वाढवली तर माळा एकदम न सुटता हळूहळू सुटतात. किती कमी करायचे आणि औषधाचे काय, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. गोळी किंवा इन्सुलिन तेच असताना भात एकदम तोडला तर शुगर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

रोज्यांचेही असेच आहे. आपले शरीर स्वतःही ग्लुकोजच्या माळा करून ठेवते. जेवणानंतर जास्तीचे मणी यकृतात जोडून ठेवले जातात; त्या माळेचे नाव ग्लायकोजेन. निरोगी माणसाच्या यकृतात ती सुमारे शंभर ग्रॅम असते. सहेरीनंतर काही तासांनी शरीर या माळेचे मणी एकेक सोडू लागते, म्हणून अस्रपर्यंत डोके शाबूत राहते. डायबेटीसची औषधे हा जोडण्या-सोडण्याचा हिशोब बदलतात. म्हणून अशा व्यक्तीने रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना भेटावे, पहिल्या रोज्याला नव्हे.

चाचींचा नातू दारात उभा राहून ऐकत होता. दहावीत आहे. त्याने विचारले, "सर, गुरे पेंढा खातात. पेंढ्यात पण ग्लुकोजच असते असे पुस्तकात आहे. मग आपण पेंढा का नाही खात?"

शाबास. सगळा विषय या एका प्रश्नात आहे. भाताच्या एकाच रोपावर दाणाही असतो आणि पेंढाही. दाण्यातला स्टार्च ग्लुकोजच्या मण्यांचा. पेंढ्यातला सेल्युलोजही ग्लुकोजच्याच मण्यांचा. मणी तोच, फक्त हात धरण्याची पद्धत वेगळी. स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच बाजूने बसतात आणि माळ मळसूत्रासारखी वळते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक दुसरा मणी उलटा बसतो, माळ सरळ ताठ राहते, आणि अशा अनेक माळा एकमेकींना चिकटून घट्ट दोर तयार होतो. आपल्याकडे पहिल्या कडीची किल्ली आहे, दुसरीची नाही. गाईकडेही ती स्वतःची नाही. तिच्या पोटातल्या जिवाणूंकडे आहे. म्हणून पेंढा तिला दूध देतो आणि आपल्याला नुसता चोथा. भाजीतला तोच चोथा मात्र पोट साफ ठेवतो आणि भाताच्या माळा सुटण्याचा वेग कमी करतो.

म्हणजे कोणता मणी आहे एवढे कळून भागत नाही. कडी कशी आहे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. हे लक्षात ठेवा आणि स्वयंपाकघरात चला.

मटणातली, मासळीतली, अंड्यातली प्रथिने म्हणजेही माळाच, पण त्यांचे मणी वेगळे. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात आणि ते वीस प्रकारचे असतात. रंगीत मण्यांच्या माळेसारखा इथे क्रम महत्त्वाचा. चाचींना जे नीट पुरत नाही ते इन्सुलिन ५१ मण्यांचे आहे. हे क्रम जिथे लिहून ठेवलेले असतात तो डीएनए हीसुद्धा माळ. तिला फक्त चार प्रकारचे मणी पुरतात. एक मणी चुकला तर काय होते ते पाहायचे असेल तर आपल्याच राज्यात नंदुरबारला किंवा गडचिरोलीला जा. तिथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आजार बराच आढळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका माळेत १४६ मणी असतात. या आजारात त्यातला सहावा मणी बदललेला असतो. बाकी १४५ जिथल्या तिथे. तरी रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात आणि मुले असह्य वेदनांनी तळमळतात.

प्रथिनांच्या कडीची किल्ली आपल्या पोटात असते, तशी कच्च्या पपईतही असते. मटण लवकर शिजावे म्हणून आपण पपई वाटून लावतो, तेव्हा पपईतले पपेन हे विकर मटणातल्या लांब माळा कातरत असते. रात्रभर जास्त पपई लावून ठेवली तर कबाबचे पीठ होते, हा अनुभव अनेकींना असेल.

आता एक प्रश्न, जो या सदराकडे पुन्हा पुन्हा येतो: जिलेटिन म्हणजे काय, आणि चायना ग्रास म्हणजे तेच का?

नाही, ती दोन अगदी वेगळी खानदाने आहेत. पाया उकळून रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी तो थरथरणारा घट्ट गोळा होतो. हेच जिलेटिन. जनावराच्या हाडांत, कातड्यात, सांध्यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. तीन माळांचा पीळ घातलेला दोरच. बराच वेळ उकळला की पीळ सुटतो आणि थंड होताना सुट्या माळा एकमेकींत गुंतून पाणी धरून ठेवतात. बाजारातले जिलेटिन डुकराच्या, गाई-म्हशींच्या किंवा माशांच्या कातड्या-हाडांपासून येते. मणी तेच अमिनो आम्लांचे असल्यामुळे नुसते पाहून, चाखून कोणाचे आहे ते सांगता येत नाही. जेली, मार्शमेलो, काही मिठाया आणि औषधांच्या बहुतेक कॅप्सूलचे कवच यापासून होते.

चायना ग्रास म्हणजे अगर. ते समुद्री शेवाळापासून मिळते; आपल्या देशात तमिळनाडूच्या मंडपम-रामेश्वरम किनाऱ्यावरच्या शेवाळापासून ते बनते. ही साखरेच्या मण्यांची माळ आहे. मुख्य मणी गॅलॅक्टोज, म्हणजे दुधातल्या साखरेत ग्लुकोजच्या जोडीला असतो तोच. आपल्याकडे अगरच्या कडीची किल्ली नाही, म्हणून ते पोटातून चोथ्यासारखे निघून जाते. मालवणच्या खडकांवर ओहोटीला जे तपकिरी सरगॅसम शेवाळ दिसते त्यातून अगर नव्हे, अल्जिनेट मिळते. तीही साखरेसारख्याच मण्यांची माळ. आइस्क्रीम दाट करायला आणि दातांचा साचा घ्यायला ते वापरतात.

घरी ओळखायचे कसे? जिलेटिनची जेली हाताच्या उबेने विरघळू लागते. अगरची वडी मालवणच्या मे महिन्यातही फ्रिजबाहेर टिकते, कारण ती वितळायला जवळजवळ उकळते पाणी लागते. जिलेटिनमध्ये कच्चा अननस किंवा कच्ची पपई घातली तर ते बसतच नाही. फळातली किल्ली माळा कातरते. अगरला त्याचा काही फरक पडत नाही. पाकिटावर ४०६ हा आकडा असेल तर अगर, ४०७ म्हणजे कॅरागीनन, ४४० म्हणजे फळांतले पेक्टिन. ही तिन्ही वनस्पती-शेवाळातली आहेत. जिलेटिन असेल तर मांसाहारी खूण असते. हलाल-हरामचा निर्णय उलेमा देतील. मी फक्त वस्तू काय आहे ते सांगतो. कॅप्सूलची शंका असेल तर स्वतःहून औषध बंद करू नका. सेल्युलोजपासून केलेली कॅप्सूलही मिळते, काही औषधे गोळीतही येतात. डॉक्टरांना आणि औषधवाल्याला विचारा.

या अगरची एक गोष्ट भगिनींना सांगायलाच हवी. १८८१ मध्ये जर्मनीत रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनच्या थाळ्या वापरत. उन्हाळ्यात त्या वितळायच्या, आणि काही जिवाणू तर जिलेटिनच खाऊन टाकायचे. किल्ली त्यांच्याकडेही होती. तिथे काम करणारे वॉल्थर हेस यांनी वैतागून पत्नी फॅनी यांना विचारले, तुझ्या मुरंब्या-जेल्या उन्हाळ्यात घट्ट कशा राहतात? फॅनी म्हणाल्या, अगर घालते. जावामध्ये राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून त्यांनी ते घेतले होते. तेव्हापासून आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत अगरच्या थाळ्या वापरतात. कोख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला तेव्हा अगरचा उल्लेख केला, फॅनी हेस यांचा केला नाही. तुमच्या घरात कोणाच्या थुंकीची किंवा लघवीची 'कल्चर' तपासणी होते, तेव्हा त्यामागे एका गृहिणीचा हात असतो.

निघताना अंगणात आलो. कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग पडला होता. चाचींचा मुलगा मासेमारीला जातो. जुनी फाटलेली नायलॉनची जाळी, तंगूस, दोर. "ती खाडीत टाकायची आहेत," तो म्हणाला. "इथे उंदीर होतात."

चाची आतूनच म्हणाल्या, "आमच्या वेळी जाळी टाकायला लागायची नाहीत. आपोआप जायची."

खरे आहे. त्यांच्या लहानपणी जाळी सुताची आणि तागाची असत. सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे पेजेतलाच ग्लुकोजचा मणी, पेंढ्यातल्या कडीने जोडलेला. समुद्रातल्या जिवाणूंकडे त्या कडीची किल्ली आहे. म्हणून जाळे रोज वाळूवर पसरून वाळवावे लागे, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावे लागे, आणि इतके करूनही ते कुजत असे. रापण ओढणाऱ्यांचा निम्मा वेळ जाळे सांभाळण्यात जायचा. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवतात तेव्हा जिवाणू मधला मऊ भाग खातात आणि काथ्या मागे राहतो, कारण त्यात लिग्निन नावाची कठीण, वेडीवाकडी जोडलेली वस्तू असते. पण काथ्याही कधीतरी मातीत मिळतोच.

मग नायलॉन आले. वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत अमेरिकेत २८ फेब्रुवारी १९३५ रोजी ते पहिल्यांदा तयार झाले. तीही मण्यांची माळच, फक्त मणी कारखान्यात खनिज तेलापासून बनवलेले. गंमत अशी की नायलॉनची कडी आणि मटणातल्या प्रथिनाची कडी एकाच जातीची आहे. पण मण्यांची घडण वेगळी आणि माळा इतक्या घट्ट रचलेल्या, की प्रथिनाची किल्ली तिथे शिरत नाही. १९७५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना नायलॉन कारखान्याजवळच्या पाण्यात एक जिवाणू सापडला. तो नायलॉन बनवताना उरणारे दोन-चार मण्यांचे तुकडे खातो. सबंध जाळे खात नाही.

मच्छीमाराला नायलॉनने दिलासा दिला, हे विसरता कामा नये. जाळे हलके झाले, वाळवण्याची कटकट गेली, वर्षानुवर्षे टिकू लागले. पण जे बोटीवर टिकते ते समुद्रात हरवल्यावरही टिकते. तुटून गेलेले जाळे मालक नसतानाही मासे पकडत राहते. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. श्वास घ्यायला वर येऊ न शकलेले कासव जाळ्यात गुदमरून मरते. ऊन आणि लाटा नायलॉनचे तुकडे करतात, पण तुकडा होणे म्हणजे कडी उघडणे नव्हे. रेणूंच्या माळेचे दहा तुकडे केले तरी मणी सुटे होत नाहीत. ते बारीक तुकडे मासळीच्या पोटात जातात, आणि मासळी आपल्या ताटात येते.

मी त्याला म्हटले, "बाबा, खाडीत टाकू नकोस आणि जाळूही नकोस. नायलॉन जळताना विषारी वायू निघतो." पण मग करायचे काय? सगळी प्लास्टिके सारखी नसतात. आपल्या जाळ्यांत जे नायलॉन मुख्यतः असते, त्याची माळ उष्णता देऊन पुन्हा मूळ मण्यापर्यंत, कॅप्रोलॅक्टमपर्यंत उलगडता येते आणि त्यापासून नवा धागा करता येतो. जगात असे कारखाने चालू आहेत. म्हणजे किल्ली जिवाणूंकडे नाही, पण माणसाकडे आहे. अट एकच, नायलॉन वेगळे काढलेले हवे. ते ओळखणे सोपे आहे. बादलीभर समुद्राच्या पाण्यात तुकडा टाका. नायलॉन बुडते, पॉलिथिनचा दोर तरंगतो. बुडणारे एका पोत्यात, तरंगणारे दुसऱ्या पोत्यात. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून पोती भरली तर भंगारवाला बोलावता येतो. एकट्याच्या ढिगासाठी तो येत नाही.

आणि एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर नुकसानीपोटी मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती राबवतात. मोबाइलवर फोटो काढा, जीव सोडून द्या आणि अर्ज करा. आपल्या बंदरावरच्या मत्स्य कार्यालयात नियम विचारून घ्या.

तो काही बोलला नाही. पण मी स्कूटर सुरू केली तेव्हा नातू बादली घेऊन विहिरीकडे चालला होता. मी ओरडून सांगितले, "अरे, विहिरीचं नको, समुद्राचं आण!"

परवा सुनेचा फोन आला. पेजेचा मोठा वाडगा कपाटात गेला आहे, छोटी वाटी आली आहे. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण पुन्हा तपासून दिले आहे. चाची कुरकुर करतात, पण शेजारणींना जमवून भाताचा घास चावायला लावतात. पुढचा रिपोर्ट दोन महिन्यांनी.

मुलांसाठी या महिन्याचा प्रयोग: दोन वाट्यांत पेजेचे पातळ पाणी घ्या. एका वाटीत थोडी लाळ मिसळा. दोन्ही वाट्या कोमट जागी दहा-पंधरा मिनिटे ठेवा. मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब दोन्हींत टाका. एक वाटी गडद निळी-काळी होईल, दुसरीचा रंग फिका राहील. कोणती फिकी राहिली आणि का, ते आपल्या शब्दांत लिहून पाठवा. प्रयोग झाला की दोन्ही वाट्या ओतून द्या आणि साबणाने धुवा. पेज प्यायची नाही, चाचींनी तर मुळीच नाही.